कृष्णोजी रावांचा झाडू

आमच्या ऑफिसच्या पॅन्ट्रीत एखादा उष्टा कागदी कप पडलेला दिसला, तर साधा माणूस तो उचलून कचऱ्यात टाकतो. कृष्णोजी राव आधी त्याच्याजवळ जाऊन उभे राहतात आणि विचारतात, "कुणाचं आहे का हे?" कुणी बोललं नाही की कन्नडमध्ये, "इदु यारदु?" तरीही शांतताच असली तर हिंदीत, "किसका है ये?" मग जरा वेळ थांबतात. मग कपात डोकावतात. तळाशी घोटभर चहा उरलेला असला तर संपलंच. कप तिथंच राहतो, कारण "कुणीतरी येईल की परत."

या स्वभावापायी आमच्या फ्रिजमध्ये दह्याचा एक डबा इतका राहिला की त्याच्यावर हिरवी लव उगवली. झाकणावर रावांची चिठ्ठी होती, 'हे कोणाचे? वाट बघतो आहे.' शेवटी झाडलोट करणाऱ्या मंजुळम्मांनी नाकाला पदर लावून तो डबा उचलला, तेव्हा राव त्यांच्यामागून जिन्यापर्यंत गेले. "स्वल्प थांबा अम्मा, उद्यापर्यंत बघू." मंजुळम्मा काही थांबल्या नाहीत. त्या दुपारी रावांना जेवण गेलं नाही. मी चेष्टा करायला म्हणून त्यांच्या टेबलाशी गेले, तर ते खरंच घाबरले होते. "उद्या कुणी आलं आणि माझं दही कुठंय म्हणालं तर?" असं त्यांनी मला विचारलं आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

आणि या गृहस्थांचं ऑफिसातलं काम काय? तर कुणालाच नको असलेल्या गोष्टी काढून टाकणं.

मी निपाणीची. मराठी घरात आणि कन्नड बाजारात, अशी वाढले. बेंगळुरात आले, एचएसआर लेआउटमध्ये भाड्याची खोली घेतली आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या या ऑफिसात नेमकी कृष्णोजी रावांच्या शेजारच्या खुर्चीवर पडले. मराठी बोलणारी मिळाली म्हणून त्यांना झालेला आनंद त्यांनी मला ताबडतोब 'नंदक्का' करून व्यक्त केला. वडिलांच्या वयाचा माणूस आपल्याला अक्का म्हणतो याची मला पहिले काही दिवस लाज वाटली, मग गोडी लागली. बाकी सगळं ऑफिस त्यांना अण्णा म्हणतं. मीही अण्णाच म्हणते.

अण्णांचं घराणं कैक पिढ्या बेंगळुरातलं. "आमची माणसं घोड्यावरून आली इथं, नंदक्का. मी बसनं येतो," असं ते सांगतात. त्या घोडेस्वारांच्या वंशात इतका भित्रा माणूस कसा निपजला, हे मला कळत नाही. लिफ्टमध्ये माणसं असली तर अण्णा बाहेरूनच "येऊ का?" विचारतात, आणि आतलं कुणी "या" म्हणेपर्यंत दार बंद होतं. घराला कुलूप लावून बसस्टॉपवर येतात आणि कुलूप बघायला परत जातात. फोन करायच्या आधी 'फोन करू का?' असा मेसेज टाकतात, आणि उत्तर आलं की 'आत्ता करू का?' असा दुसरा.

मी मुळात तापट आणि टाकून मोकळी होणारी. अशा माणसांनी माझं डोकं उठतं. पण अण्णांवर चिडता येत नसे, कारण त्यांच्या भित्रेपणाचा सगळ्यात मोठा फटका त्यांनाच बसलेला होता. बायको गेल्यावर मुलीनं, रुक्मानं, त्यांना सांगितलं होतं, "अप्पा, आमच्याकडेच या राहायला. एक खोली रिकामीच आहे." रुक्माचा फ्लॅट सर्जापूर रोडला. अण्णा म्हणाले, "विचार करून सांगतो." तो विचार चालू असताना नात पाळण्यातून उतरली, रांगली, चालली आणि शाळेतही जायला लागली. रुक्मानं पुन्हा विचारलं नाही. आता अण्णांना भीती होती की ती खोली दुसऱ्या कशाला दिली असेल. नातीचा अभ्यास असेल, जावयाचं ऑफिस असेल. "मग विचारा ना तिला," मी म्हणायची. अण्णा मान हलवायचे. "विचारलं आणि नाही म्हणाली तर? न विचारलेलं बरं. निदान आहे असं वाटतंय."

आता त्यांच्या कामाविषयी. आमची कंपनी दुसऱ्यांचा डेटा सांभाळते. त्यात जागा वाचवायची एक युक्ती आहे. माणसं तीच ती गोष्ट पुन्हा पुन्हा ठेवतात. एका लग्नाचा फोटो मामा ठेवतो, मावशी ठेवते, ज्यांना बोलावलंच नव्हतं तेही ठेवतात. आमचं मशीन तो फोटो डिस्कवर एकदाच ठेवतं आणि बाकीच्यांच्या नावानं नुसती खूण करतं की यांनीही हाच धरलाय. अण्णांच्या भाषेत, वस्तू एक, हात अनेक. मामानं फोटो पुसला की एक हात कमी. मावशीनं पुसला की आणखी एक. शेवटचा हात सुटला की ती वस्तू कुणाचीच नाही. मग झाडू येतो आणि तिची जागा मोकळी करून नव्या वस्तूला देतो. झाडू म्हणजे अण्णांनी लिहिलेला प्रोग्रॅम.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मी सुरुवातीला विचारलं होतं.

अण्णांनी खुर्ची जवळ ओढली आणि आवाज एकदम खाली नेला. "हात मोजायला चूक झाली तर? एकाच हाताची. झाडूला वाटतं कुणी नाही, आणि कुणीतरी धरलेलं असतं. वस्तू एकच आहे गे. गेली की गेली. आणि ज्यानं धरलीय त्याला ठाऊकच नाही. त्याला वाटतं आपल्याकडे आहे. वर्षानं उघडायला जातो, आणि आत काही नाही."

दुपारचं लख्ख ऊन होतं, कँटीनमधून सांबाराचा वास येत होता, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या दिवसापासून मलाही ती भीती चिकटली. एचएसआरच्या खोलीत फ्रिजमधलं वाळलेलं लिंबू टाकताना मी दोनदा थांबले. आमच्या टीममध्ये जो नवा येतो त्याचं महिन्याभरात असंच होतं.

या भीतीवर अण्णांनी उपाय काढला होता, तो म्हणजे ओसरी. शेवटचा हात सुटला तरी वस्तू लगेच काढायची नाही. तिला ओसरीवर बसवायची. आठवडाभर कुणी विचारायला आलं नाही, तरच झाडू. डिस्कवर निराळी जागा काही नव्हती, नुसती मुदत होती, पण अण्णा सकाळी आल्या आल्या विचारायचे, "आज ओसरीवर कोण कोण आहे?" जणू पाहुणेच आलेत. मुदत संपलेल्यांना निरोप देताना त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

मग आमच्या एका गिऱ्हाइकाच्या डिस्क भरत आल्या. हे गिऱ्हाईक म्हणजे स्कॅन काढणाऱ्या केंद्रांची मोठी साखळी. गावोगावी शाखा, आणि रोज माणसांच्या डोक्यांचे, छात्यांचे, मणक्यांचे स्कॅन आमच्याकडे येऊन पडत. आमचा मॅनेजर विनीत दिल्लीकडचा. वाईट नाही, पण त्याच्या बोकांडी वरची माणसं बसलेली. तो अण्णांच्या टेबलाशी आला. "अण्णा, वो बरामदा बंद करो. खाली जगह हफ्ता भर ऐसे ही पड़ी है, और इधर नया स्कॅन रखने को जगह नहीं."

"सर, स्वल्प विचार करून…"

"आज ही करना है, अण्णा."

अण्णांनी ओसरी बंद केली. हुकूम मोडणं त्यांच्या रक्तात नाही. पण धाकधूक मावेना, म्हणून त्यांनी ओसरीच्या बदल्यात झाडूला आपला स्वभाव दिला. वस्तू काढायच्या आधी झाडूनं आता एकदा विचारून भागणार नव्हतं, हातांच्या खुणा आम्ही जिथं जिथं ठेवतो त्या तिन्ही ठिकाणी जाऊन विचारायचं होतं, पहिल्या, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिन्हीकडून 'कुणी नाही' आलं की मगच काढायचं. मी म्हटलं, "अण्णा, पॅन्ट्रीतल्या कपासारखंच झालं की हे." ते समाधानानं हसले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी डबा पुरता संपवला.

झाडू चालू झाला. डिस्क मोकळ्या व्हायला लागल्या. विनीतनं सगळ्यांना फिल्टर कॉफी पाजली.

आणि एका दुपारी स्कॅन केंद्राकडून फोन आला. फोनवरची बाई अगदी शांत बोलत होती, त्यानंच मला जास्त भीती वाटली. एका पेशंट बाईचा डोक्याचा जुना स्कॅन उघडत नव्हता. नवा स्कॅन डॉक्टरांच्या पुढ्यात होता, त्यात गाठ दिसत होती. ती गाठ वाढलीय की पूर्वीइतकीच आहे, हे जुन्याशी ताडून बघितल्याशिवाय सांगता येत नव्हतं. वाढली असेल तर डोकं उघडायचं. नसेल तर औषधावर भागेल. "यादीत तर दिसतंय मॅडम, पण उघडल्यावर काही नाही," ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि अण्णांकडे बघितलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी शोधायला सुरुवात केली आणि जे झालं होतं ते थोड्याच वेळात समोर आलं. त्या पेशंट बाईचा स्कॅन एका शाखेनं ठेवला होता, तो ठेवायची मुदत संपली म्हणून त्यांनी त्या सकाळी पुसला. शेवटचा हात सुटला. झाडू आला. त्यानं पहिल्या ठिकाणी विचारलं, कुणी नाही. दुसरीकडे गेला. एवढ्यात दुसऱ्या एका शाखेचं जुनं मशीन आपल्याकडचे स्कॅन आमच्याकडे पाठवून रिकामं होत होतं, त्यात याच बाईचा तोच स्कॅन होता. आमचं मशीन म्हणालं, हा तर आहेच आमच्याकडे, तुझा पाठवू नकोस, नुसता हात ठेव. त्या जुन्या मशीननं पहिल्या ठिकाणी हात ठेवला आणि आपल्याकडची प्रत पुसून टाकली. तोवर झाडूला तिसऱ्या ठिकाणाहूनही 'कुणी नाही' आलं होतं. त्यानं वस्तू काढली. घरात कुणी आहे का म्हणून एकेक खोली बघत जावं, आणि आपण शेवटच्या खोलीत असताना पोर पहिल्या खोलीत जाऊन निजावं, तसं झालं.

"एकदाच विचारलं असतं तर…" अण्णा म्हणाले. "माझ्या विचारण्यातच वेळ गेला, नंदक्का. त्या वेळातच ते आलं."

मला त्या बाईचं नावही ठाऊक नव्हतं, पण ती कुठल्याशा बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलीय, असं मला दिसायला लागलं. यापुढे काय करायचं ते माझ्या डोक्यात येईना. अण्णांच्या मात्र आलं. झाडू जागा मोकळी करतो म्हणजे तो ती खरवडून काढत नाही. इथं आता कुणी बसलं तरी चालेल, एवढंच सांगतो. दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत जुनं तिथंच असतं. पण मोकळी जागा अजूनही थोडीच, आणि शाखाशाखांमधून नवे स्कॅन सारखे येत होते. त्यातला कुठला त्या जागेवर कधी बसेल याचा नेम नव्हता. कदाचित बसलाही असेल.

येणारं सगळं थांबवायला हवं होतं. साऱ्या शाखांचं, ताबडतोब. ते विनीतच्या परवानगीशिवाय करायचं नाही असा नियम. विनीत काचेच्या खोलीत, दार लावून, वरच्यांशी बोलत होता. अण्णा उठले. काचेपाशी गेले. दार ठोठावायला हात वर केला. मला वाटलं, झालं, आता हा माणूस 'येऊ का?' विचारणार, आणि तो स्कॅन जाणार. मी ओरडणार होते.

अण्णांनी हात खाली घेतला. वळले, जवळजवळ पळतच टेबलाशी आले आणि उभ्या उभ्याच सगळं बंद केलं.

ऑफिसातले फोन एकदम वाजायला लागले. विनीत खोलीतून बाहेर आला. "किसने रोका?"

"मी," अण्णा म्हणाले. "मैंने. पूछा नहीं."

विनीत काही बोलणार होता, पण अण्णांकडे बघून तो स्क्रीनकडे वळला. मग आम्ही तिघं त्या एका स्क्रीनपुढे उभे राहिलो. अण्णा मोकळ्या जागांमधून ती जागा शोधत होते, आणि घाईत माऊसचा बाण सारखा भलतीकडे जात होता. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं सांगत नाही. अण्णांनी टेबलाखाली बूट काढून ठेवले होते. अखेर त्यांनी एक जागा उघडली. स्क्रीन काळी झाली आणि तशीच राहिली. मग त्या काळ्यात हळूहळू एक करडा गोल उमटला, त्यात नक्षी भरत गेली, आणि कुणा अनोळखी बाईच्या डोक्याची आतली बाजू आमच्यासमोर पुरती उभी राहिली. त्या जागेवर अजून कुणी बसलं नव्हतं.

संध्याकाळी केंद्रातून तीच शांत बाई बोलली. गाठ पूर्वीइतकीच होती.

अण्णांनी ऑफिस सोडायच्या आधी झाडू बदलला. आता झाडू कुठलीही वस्तू काढायच्या आधी तिच्यावर स्वतःचा हात ठेवतो, म्हणजे तो विचारत फिरत असताना कुणी नवं आलं तर ते झाडूला कळतं, आणि तो मागे सरतो. अण्णांनी न मागताच विनीतनं ओसरी परत दिली. मी बॅग उचलली तेव्हा अण्णा बदललेल्या ओळी वाचत होते. "आधी धरायचं, मग विचारायचं," ते पुटपुटले. "इतकं सोपं होतं बघ."

मी बसमध्ये चढले, तर मागून अण्णाही चढले. ती त्यांची बस नव्हती. खिडकीशी बसल्यावर ते म्हणाले, "नंदक्का, सर्जापूर रोडपर्यंत येशील माझ्याबरोबर? एकट्यानं मला होणार नाही."

वाटेत मी त्यांना धीर देत होते, पण खरं सांगायचं तर मलाच धडकी भरली होती. रुक्मानं तोंड फिरवलं तर या माणसाला सांभाळायचं कसं? अण्णा सारखे तळहात पँटला पुसत होते.

रुक्माच्या सोसायटीचं फाटक मोठं. आत झाडं, कारंजं, आणि फाटकाशी काचेच्या खोपटात एक तरुण चौकीदार. अण्णांना बघताच तो ओळखीचं हसला. "आइए अंकल. आज भी सिर्फ पूछना है?"

मी अण्णांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. चौकीदारानंच मला हौसेनं सगळं सांगितलं. हे अंकल दर रविवारी येतात. चौथ्या मजल्यावरचे घरी आहेत का विचारतात. पाहुणे आहेत का, बच्ची झोपली असेल का, थकलेत का. मग थोडा वेळ समोर उभे राहतात आणि रिक्षा करून जातात. नाव विचारलं तर सांगत नाहीत.

"अण्णा," मी म्हटलं.

अण्णांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा चौथ्या मजल्याकडे बघितलं. मग काचेजवळ तोंड नेऊन म्हणाले, "कृष्णोजी राव. रुक्मा के फादर. ऊपर बोलो."

चौकीदारानं इंटरकॉमच्या डब्याचं बटण दाबलं. वरून कढईच्या चुरचुरीतून बायकी आवाज आला, "कौन?" चौकीदारानं नाव सांगितलं. क्षणभर नुसती चुरचुर ऐकू आली. अण्णा एक पाऊल मागे सरकले. ते रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघायला लागले, आणि आता हे पळतात, असं मला स्पष्ट दिसलं.

"भैया, उनको पकड़ के रखो!" त्या डब्यातून रुक्मा जवळजवळ किंचाळली. "जाने मत देना! ऊपर से दिखते हैं, मैं नीचे आने तक हर बार चले जाते हैं!"

चौकीदार हुकमाचा पक्का निघाला. तो खोपटातून बाहेर आला आणि त्यानं कृष्णोजी रावांचं मनगट दोन्ही हातांनी घट्ट धरलं. येणारीजाणारी माणसं वळून वळून बघायला लागली. कुणीतरी विचारलंसुद्धा, चोर सापडला का म्हणून. आतून जिन्यावर अनवाणी पावलं धडाधडा उतरल्याचा आवाज येत होता. मी चौकीदाराला म्हणणार होते की बाबा, जरा सैल धर, पण अण्णांनीच मला डोळ्यांनी गप्प केलं. त्यांचा दुसरा हात मोकळा होता, तरी ते मनगट सोडवायला त्यांनी तो उचलला नाही.